दाद्याच्या फोटोएवढं ऊन

३ मे
वहिनीचा फोन, येरवड्याहून. बाळंतपणाला माहेरी गेली ती अजून तिथंच. "भावजी, तुमच्या माळ्यावर भाकरी तव्याबिगर भाजंल. माझी पोर तिथं झोपवणार न्हाय मी."
खोटं काय बोलली? दाद्याचा नि तिचा संसार पत्र्याखालच्या माळ्यावरच. साधा पंखा हाय, गरम हवाच ढवळतो.
मागं मी पत्र्यावर अंडं फोडून तिला व्हिडिओ पाठवलेला, बघा ऑम्लेट. आता तोच ती तिच्या आईला दाखवते. बेस्ट.
दाद्या म्हणतो, "येईल झक मारत."
न्हाय येणार.

६ मे
कामावर लक लागला. कर्वेनगरच्या बंगल्यात छताला नवा सोलर पंखा बसवला. जुन्याचं काय करू विचारलं, तर मालकीणबाई, "अहो, कचरा आपणच घेऊन जायचा असतो."
नेला की. आपणच.

७ मे
पत्रा कापून पंखा बसवला. त्याची सोलरची प्लेट वर तारेनं आवळली. ऊन पडलं की फिरतो, माळ्यावरची गरम हवा बाहेर फेकतो. आई खालून, "पावसात गळलं तर त्या भोकात तुलाच बसवीन, पक्या."
दुपारी वर झोपून बघितलं. घाम आला, पण जीव न्हाय गेला.
वहिनीला फोन. म्हटलं आईशप्पथ गार हाय. "तुमच्या शपथेला मांजर विचारत न्हाय. रविवारी येऊन बघते." म्हणजे परवाच्या पुढं एक दिवस.

९ मे
वाट लागली. आमच्या वॉर्डाचे पुढारी, भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. मंडळानं बांबू ठोकले ते नेमके आमच्या घराच्या पश्चिमेला. दुपार कलली की सगळी सावली प्लेटवर, पंखा ठार.
आणि खाली कोपऱ्यात शुभेच्छुक कोण? आमचा दाद्या. गॉगल लावून, हात जोडून.
"उतरव, उद्या वहिनी येतीय."
"पहिल्यांदा फोटो आलाय माझा. वाढदिवस होऊस्तोवर हात लावायचा न्हाय."
बायको पायजे का गॉगल, विचारलं. शिवी घातली.

१० मे
सकाळीच कटर घेऊन बांबूवर चढलो. भाऊंना हात लावला न्हाय, जीव प्यारा हाय. दाद्या तेवढा कापला. भोक बरोबर प्लेटएवढं.
वहिनी दुपारी आली. ऊन दाद्याच्या जागेतनं प्लेटवर. पंखा फिरला! ती हसली. पोरीला वर धरून दाखवला, "बघ, काकानं काय केलं."
मग ऊन सरकलं. पंखा थांबला.
"रात्री फिरतो का?"
"उन्हावर चालतो, वहिनी."
"आणि पत्रा? तो रात्री गार पडतो का?"

तेवढ्यात दाद्या आला. पोरीला घेईल वाटलं. त्यानं आधी माझी कॉलर धरली, फोटोसाठी. वहिनी बघत राहिली. मग म्हणाली, "चालू द्या तुमचं." रिक्षा आली, पोरीला घेऊन गेली.

१२ मे
दाद्या बोलत न्हाय. मंडळाची पोरं त्या भोकातनं तोंड काढून सेल्फी घेतात. एरवी मीच पहिला गेलो असतो.

१९ मे
फ्लेक्स उतरला. पंखा सकाळपासनं फिरतोय, खालीपर्यंत आवाज येतो. माळ्यावर कुणीच न्हाय. दाद्या खाली माझ्याशेजारी झोपतो, तोंड भिंतीकडं.
वहिनीला पंख्याचा व्हिडिओ पाठवला. खाली काय लिहावं कळंना, काहीच लिहिलं न्हाय. निळ्या टिका आल्या.
दाद्यानं मान वळवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलला.
"काय म्हणली?"