तारेजवळची बाई

मोरदरवाडी, ता. पाटोदा, जि. बीड
गुरुवार, २४ मे २०१२

चि. विश्वेश्वर यास,

गंगासागरचा आशीर्वाद. मोठ्या बहिणीने पत्राची सुरुवात आशीर्वादानेच करायची असते म्हणून केली, त्यात फार काही शोधू नकोस. तू, तुझी बायको, पोरं बरी असाल. इकडचं 'सर्व ठीक' लिहायची रीत आहे, ती मी आज पाळणार नाही.

परवा तू भारतला फोन केलास. मला नाही, भारतला. मी फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस आणि माळावरच्या पाणवठ्यात पाणी सोडणाऱ्या गड्याशी बोलायला मात्र तुला अमेरिकेतून सवड मिळते. म्हणून हे पत्र. ते मध्येच कट करता येत नाही.

भारत दुकानात आला तेव्हा मी गिऱ्हाइकाला साखर जोखून देत होते. तो बराच वेळ पायरीवर उभा राहिला. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाला, "ताई, दादाचा फोन आलता. दोन गोष्टी इचारल्या त्यानं. तुमीच सांगा त्याला काय ते."

तुझे दोन प्रश्न मला असे कळले. एक, शनिवारी संध्याकाळी कोणी बाई पाणवठ्याच्या तारेजवळ झोपली होती, तिच्यामुळे नीलगायीचा तो रोही दोनदा पाण्यापर्यंत येऊन परत गेला, ठिकठिकाणाहून बघणाऱ्या लोकांनी तुझ्याकडे तक्रारी केल्या, तर ती कोण आणि तिला उठवलं का नाही? दुसरा, रविवारी दुपारपासून कॅमेऱ्यावर फडकं कोणी टाकलं आणि का? वर तू असंही म्हणालास म्हणे, की हे असंच चालणार असेल तर कॅमेरा काढून दुसऱ्या कोणाच्या माळावर लावू.

दोन्हीची उत्तरं देते. पण क्रम माझा राहील.

तुझे पुण्याचे मित्र दिवाळीनंतर तो खांब रोवायला आले होते, तेव्हा मी नको म्हणत होते. मायच म्हणाली, "पोराला आपला माळ बगायचाय तर बगू दे. त्यात आपलं काय जातंय?" मग त्यांनी सिमेंटचा पाणवठा बांधला, खांबावर सूर्याचं तावदान बसवलं, कॅमेऱ्याचा डबा टांगला आणि माझ्या हातचं जेवून गेले. जाताना म्हणाले, आता तुमचे मोर सगळं जग बघणार. बघू दे, म्हटलं.

यंदा इकडे पाणी नाही हे तुला ठाऊक आहे, कारण त्यामुळेच तुझ्या पाणवठ्यावर गर्दी असते. गावाला एक दिवसाआड टँकर येतो. बाया उन्हात घागरी लावून बसतात आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तुझ्या पैशाचा टँकर माळाकडे वळतो. त्यानंतर त्याच बाया माझ्या दुकानात येतात. मुक्ताबाई मला म्हणाली, "पुढच्या जल्मी तुमच्या माळावरची लांडोर व्हईन म्हणते." मी हसून तिला चहाची पुडी दिली. अशी बोलणी मी पाच महिने ऐकून घेतली आहेत, तुला एक अक्षर कळवलेलं नाही.

आता मायचं. मायला ऐकू यायचं बंद झालं त्याला बरीच वर्षं झाली. आधी तू फोनवर ओरडून बोलायचास. ती नुसतं "हं, हं, जेवलास का" म्हणायची, तू काहीही बोललास तरी. मग तू म्हणालास, तिला काही कळतच नाही तर फोन करून उपयोग काय. तेव्हा मलाही ते पटलं. आप्पांना माती दिल्यावर तू परत गेलास तो गेलासच. ऐकू येत नाही आणि तू दिसतही नाहीस, मग मायला पोरगा उरला कुठे, हा विचार तुझ्या मनात आला नाही. माझ्याही आला नाही, तो तिच्याच मनात आला.

फेब्रुवारीत तिचे डोळे दाखवायला पाटोद्याला नेलं होतं. बसला वेळ होता म्हणून स्टँडजवळच्या नेट कॅफेत शिरले आणि तिथल्या माणसाला तुझा पाणवठा लावायला सांगितला. चित्र अडकत अडकत आलं. सिमेंटचं टाकं, मागे आपली बाभूळ, काठावर दोन होले. माय पडद्याला नाक लावून बसली. म्हणाली, "ही तर आपली बाभूळ. हे त्याला दिसतं? आत्ता दिसतं?"

मी मान हलवली.

"मंग मी तितं हुबी ऱ्हायले तर मी बी दिसंन."

कॅफेवाला हसला. मीही हसले, इतकं सरळ होतं ते.

दुसऱ्या दिवसापासून ती जायला लागली. मी तिला खुणेने समजावलं होतं की आपली संध्याकाळ म्हणजे त्याची सकाळ, तो कामावर जायच्या आधी बघतो. म्हणून ती ऊन असतानाच निघायची, तुझी वेळ चुकू नये म्हणून. निघण्याआधी अंघोळ, धुतलेलं लुगडं आणि कपाळावर विभूती. विभूती ती आधी बोटभर लावायची, आता हातभर लावायला लागली. म्हणाली, बारीक लावली तर तिकडे दिसायची नाही. गळ्यातलं लिंगही पदराबाहेर काढून ठेवायची. पाणवठ्याशी जाऊन कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी राहायची. भारतने मला सांगितलं, "माय त्या डब्याशी बोलती. सुनंच्या तब्येतीचं इचारती, पोरांच्या शाळंचं इचारती." तुझ्या कॅमेऱ्यातून आवाज जात नाही हे भारतला माहीत होतं. तिला ते सांगून तरी काय करणार, तिच्याकडे तर जगातला कुठलाच आवाज येत नव्हता.

पहिल्या दिवशी घरी आल्यावर तिने विचारलं, "बगितलं का त्यानं?"

इथे माझं चुकलं, तेही लिहिते. मी मान हलवून हो म्हणाले. फोन कानाला लावून दाखवला, म्हणजे तुझा फोन आला होता. मग बोटांनी दाखवलं, माय वाळली आहे असं म्हणत होता. त्या रात्री तिने अर्धी भाकरी जास्त खाल्ली. मग रोज विचारायला लागली आणि मी रोज तुझ्या नावाने काहीतरी सांगायला लागले. हिरवं लुगडं आवडलं म्हणाला. उन्हात चप्पल घालत जा म्हणाला. इतकं चांगलं तू जन्मात बोलला नव्हतास. मी हे केलं नसतं तर ती आठ दिवसांत कंटाळून घरी बसली असती. तेवढा दोष माझा आहे आणि तो मी घेतला आहे. तुझा वाटा तुला पाठवते आहे.

एप्रिलमध्ये भारत तारेची गुंडाळी घेऊन आला. खाली मान घालून म्हणाला, "दादा म्हणतो, कोण एक म्हातारी रोज मधी येती, जनावरं बुजत्यात. तार ठोक म्हणला, कुलूप लाव म्हणला. म्या कसं सांगू त्याला? तुमी सांगा, ती कोण हाय."

तेव्हा माझं डोकं फिरलं. मला वाटत होतं, तुला ठाऊक आहे. वाटत होतं, तू बघतोस, ओळखतोस, लाज वाटते म्हणून फोन करत नाहीस. 'कोण एक म्हातारी'. भारतला मी शपथ घातली की सांगायचं नाही. ज्या दिवशी हा आपणहून ओळखेल त्या दिवशी ओळखेल, म्हटलं. मी एक फोन करून तुला सांगू शकले असते. केला नाही. रागाने केला नाही, आणि तो राग आजही गेलेला नाही.

तार बघून माय काय म्हणाली ते ऐक. "बरं केलं पोरानं. शेरडं शिरून पाणी घाण करत्यात." मग ती तारेच्या अलीकडे, कुलपाजवळ उभी राहायला लागली. तिथून ती तुला कोपऱ्यात दिसत असणार. एकदा तिने मला विचारलं, "तितून दिसते का म्हणावं त्याला, का सरकू?" मी सांगितलं, छान दिसतेस.

शनिवारी मी माल आणायला पाटोद्याला गेले होते. भारत लग्नाला कडा गावी गेला होता. त्या दिवशी ऊन असं होतं की बाजारात माणूस दिसत नव्हता. मला बस उशिरा मिळाली. दिवेलागणीला घरी आले तर दाराला कडी. मी माळाकडे पळाले.

ती तारेजवळ कुशीवर होती. एक हात तारेतून आत गेलेला. डोक्यावरचा पदर सरकला नव्हता, विभूती तशीच होती, म्हणून लांबून मलाही क्षणभर वाटलं की झोपली आहे. तुझी चूक झाली असं म्हणणार नाही. पण मी लांब होते ती चारच पावलं, आणि मी जवळ गेले.

डॉक्टर आले. म्हणाले, ऊन लागलं. लवकर कोणी सावलीला उचललं असतं, पाणी दिलं असतं तर, असं म्हणून ते थांबले. मी त्यांना सांगितलं, माळावर कोणी नव्हतं हो. आम्हाला तसंच वाटत होतं. भारतने तुझा निरोप सांगितला तेव्हा कळलं की बघत सगळे होते. रोही दोनदा येऊन परत गेला हे आम्हाला तुझ्याकडून कळलं. ती किती वेळ तशी होती हे या गावात कोणाला सांगता येत नाही. तुला येतं.

हे तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर.

रविवारी तिला डोलीत बसवून नेलं. वडवणीची मावशी आली होती, सगळं गाव होतं, घागरी लावणाऱ्या बायाही होत्या. मुक्ताबाईने स्वतःच्या वाट्याच्या पाण्याने तिला अंघोळ घातली. आप्पांच्या शेजारी तिची जागा राखलेली होती, विहिरीजवळ. मी नको म्हणाले. माळावर खड्डा घ्यायला लावला, तारेच्या आत, पाणवठ्याच्या बाजूला. कुलूप भारतने दगडाने फोडलं. तार काढून टाकली.

आपल्यात बसवून माती देतात हे तू विसरला नसशील, आप्पांना तूच धरून बसवलं होतंस. मायला मी धरलं. डाव्या तळहातावर लिंग ठेवलं, अंगाभोवती विभूती आणि बेल भरला. स्वामी म्हणाले, तोंड उत्तरेला करा, रीत आहे. मी म्हणाले, दक्षिणेला करा. ते म्हणाले, "बाई, दक्षिणेला काय हाय?" मी खांब दाखवला. म्हटलं, तिकडे तिचा मुलगा आहे. स्वामींनी तिचं तोंड दक्षिणेला करवलं. पहिली माती मुलाने द्यायची असते, ती मी दिली.

कॅमेऱ्यावर मीच फडकं टाकलं, म्हणजे फडकं नव्हतं ते, तिचं हिरवं लुगडं होतं. तुझ्या त्या जगभरच्या लोकांनी चहा पीत आमच्या मायची माती बघावी अशी माझी इच्छा नव्हती. त्यांच्यात तूही धरलास तरी चालेल. हे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर.

आता तू विचारशील, मला कळवलं का नाही. मावशीला कळवलं, सगळ्या पाहुण्यांना कळवलं, फोन करून करून घसा बसला. तुझा नंबर काढला आणि परत ठेवला. तुला कळवण्यासारखं काय होतं माझ्याकडे? मी पाटोद्यात होते, भारत कड्यात होता. तिच्याजवळ त्या वेळी तूच होतास.

हे पत्र तुला मिळेल तोवर मायच्या गणाराधनेचं जेवणही उरकलेलं असेल, त्यासाठी धावत येऊ नकोस. माळ दुसऱ्या कोणाचा बघायचा तर बघ, पण हा खांब मी हलवू देणार नाही. भारत पाणी सोडत राहील. त्याच्या पगाराचं मी बघेन. लुगडं मी सोमवारी सकाळी काढलं, तेव्हापासून तुला सगळं नीट दिसत असेल. टाक्याच्या उजव्या हाताला मातीचा उंचवटा दिसतो ना, त्याच्यावर सध्या मोर येऊन उभा राहतो. तुझ्या लोकांना तो फार आवडत असेल.

त्यांना सांग, बाई आता उठून मधे येणार नाही. ती तुझ्याकडे तोंड करून बसली आहे. या वेळी तरी ओळख.

भिवराबाईची लेक,
गंगासागर