पिसाच्या मनोऱ्याला ओळंबा

हुडकेश्वर, नागपूर

आदरणीय जयवंतामामांना संघपालचा सप्रेम जय भीम.

मामा, तुम्ही पिसाच्या मनोऱ्याला ओळंबा लावलात त्या दुपारी माझं आयुष्य फिरलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण तुमची तब्येत विचारत बसलो तर राग थंडा होईल आणि मग या पत्रात काही दम राहणार नाही. (तब्येत कशी आहे? अंजनामामीचा गुडघा काय म्हणतो? तुमच्या कुहीकडे यंदा तूर बरी आहे असं आई सांगत होती. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, मी सोडून. फोनच केला असता, पण फोनवर माझा आवाज चढतो.)

तुम्ही गवंडीकाम उरकून गावी गेलात, पण तो मनोरा इथंच आहे, आणि रोज सकाळी मला त्याचं तोंड पाहावं लागतं. गोपाळरावांच्या या ‘जगदर्शन’ बागेत लोक येतात ते काही हवा खायला नाही. ताजमहालासमोर फोटो, आयफेल टॉवरसमोर फोटो, पिरॅमिडसमोर फोटो (आत झाडू आणि चौकीदाराची खाट असते, म्हणून दार उघडू देत नाही), चीनच्या भिंतीवर फोटो (म्हणजे आपलं कंपाउंड, वर कंगोरे काढलेलं, पलीकडे म्हशी). आणि नायगारा. तो बोअरच्या मोटरवर चालतो. गिऱ्हाईक नीट उभं राहिलं की गोपाळराव ओरडतात, “संघपाल, नायगारा चालू कर बे!” आणि फोटो निघाल्याबरोबर, “बंद कर, बंद कर!” इतका आज्ञाधारक धबधबा जगात दुसरा नसेल. मला तर इतकं आज्ञाधारक होणं जमणारच नाही.

पण खरी मागणी पिसाला. कारण तो कलतो. पडत्या मनोऱ्याला आपण हातानं सावरून धरलंय असं दाखवायचं, एवढीच त्यातली गंमत. गोपाळरावांनी तुम्हाला मोबाईलवर त्याचं चित्र दाखवलं तेव्हा मी घमेलं घेऊन बाजूलाच होतो. तुम्ही पाहिलं, मोबाईल थोडा तिरपा धरला आणि म्हणालात, “हं, आता दिसला बराबर. फोटो काढणाऱ्याचा हात हालला गा.” मी त्या वेळी भावनाच्या मेसेजची वाट पाहत होतो, म्हणून नुसतं “हाव मामा” म्हणालो. (तेवढा माझा वाटा मान्य.) नंतर गोपाळराव पुतणीच्या लग्नाला बाहेरगावी गेले, आणि तुम्ही आठही मजले ओळंब्यात घेतलेत. ते परत आले तेव्हा प्लास्टर सुकलं होतं.

गेल्या रविवारी एक होऊ घातलेला नवरदेव आला. मनोऱ्यापुढे हात टेकून उभा राहिला, फोटो पाहिला आणि म्हणाला, “हे काय बे? मी तर पाण्याची टाकी धरून उभा दिसतो. कोण्या अडाण्यानं बांधलं?” मामा, मला काही बोलला असता तर मी ऐकून घेतलं असतं (नसतं). पण तुमचा अपमान! मी म्हणालो, खऱ्या पिसापेक्षा हा पक्का आहे. त्यावर तो म्हणतो, “खरा तू पाह्यला का रे?”

झालं. हाच प्रश्न भूगोलाच्या सरांनी मला भर वर्गात विचारला होता. मी कसल्याशा डोंगरावरून त्यांच्याशी वाद घालत होतो, तर म्हणाले, “पाहिलंय काय तू? अंबाझरी तलावाच्या पुढे गेलास का कधी?” वर्ग हसला. मी दप्तर उचललं, दार असं आपटलं की वरची काच खाली आली, आणि त्यानंतर कॉलेजची पायरी चढलो नाही. तेव्हा तो प्रश्न पुन्हा कानावर पडल्यावर माझा हात आपोआप पुढे झाला आणि नवरदेव मागच्या मागे नायगाऱ्यात बसला. गोपाळरावांना लांबून वाटलं, गिऱ्हाईक फोटोसाठी बसलंय. त्यांनी स्वतः जाऊन मोटर सुरू केली.

संध्याकाळी गोपाळरावांचा निकाल लागला: “तुझ्या मामानं सरळ केला, आता तू वाकडा कर. नाही तर घरची वाट धर.”

सोमवारी मी सब्बलीनं खणून मनोऱ्याचा पायथा एका बाजूनं मोकळा केला, त्याच्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक बांधायला काही सापडेना म्हणून आयफेल टॉवरला बांधलं, आणि मधे दांडा घालून पीळ देत गेलो. तुमचा मनोरा तसूभर हलला नाही. आयफेल वाकला.

नेमकी तेव्हा भावना आली. (भावना कोण हे मामींना विचारा; आईनं त्यांना सगळं सांगितलेलं आहे, माझ्या परवानगीशिवाय.) तिच्या घरी मुलं पाहणं सुरू झालंय. वडिलांना, मधुकररावांना, तिनं एक वर्ष थांबवून धरलंय. तेवढ्यात मी कॉलेजात परत गेलो तर ती घरात माझं नाव काढणार. नाही गेलो तर नाही काढणार. इतकं सरळ आहे, तुमच्या मनोऱ्यासारखं.

तिनं दोर पाहिला, आयफेल पाहिला, मला पाहिलं, आणि हसत हसत पिरॅमिडच्या पायरीवर बसली. मी भडकलो. म्हणालो, तूही हास, त्या दिवशी वर्गातही हसलीच असशील.

तिचं हसू थांबलं. “मी नाई हासली होती. तू वळून पाह्यलंच कुठी? दार आपटलं अन् गेला.”

मग तीच मनोऱ्याचं सांगू लागली. खरा मनोरा म्हणे पडायलाच आला होता. मोठमोठे इंजिनिअर वर्षानुवर्षं बसले, एका बाजूची माती थोडी थोडी काढत गेले, आणि तो जरासाच सावरला. पूर्ण सरळ केला नाही. काहून, मी विचारलं.

“पूर्ण सरळ केला तर तो पिसाचा राह्यते का? पडला नाही म्हणजे झालं.” आणि दोराची गाठ सोडता सोडता, माझ्याकडे न पाहता, “तुले तरी कोण पूर्ण सरळ करून राह्यलं?”

ती गेल्यावर मी दोर गुंडाळला आणि झाडू घेतला. ज्या जागा मी रोज झाडतो त्या खऱ्या कुठंतरी आहेत, तिथंही सकाळी कुणी झाडत असेल, हे पहिल्यांदाच मनात आलं. खरं सांगू मामा, मला जग पाहायचं नव्हतंच. ‘पाहिलं का’ विचारणाऱ्याच्या तोंडावर ते मारायचं होतं. पाहायचं म्हणजे काय, ते आत्ता कुठं थोडं कळायला लागलंय. पण हे असलं लिहायला बसलो की मला लाज वाटते, म्हणून मुद्द्यावर येतो. येत्या आठवड्यात येऊन मनोरा वाकडा करून द्या. तुमच्या हातून वाकडं काम होणं कठीण आहे, जाणून आहे. तरी या.

मामींना जय भीम.

तुमचा भाचा,
संघपाल

ता. क. मनोऱ्यासाठी येऊ नका. आज सकाळपासून लोक आयफेलला हात लावून फोटो काढून राहिलेत, रांग लागली आहे. गोपाळराव म्हणाले, “हे डोकं पहिलेच काहून नाही लावलं?” मी गप्प बसलो. (हो, मी.)

आणखी एक ता. क. पण या. कॉलेजात परत घ्याल का विचारलं, तर म्हणतात, आधी भूगोलाच्या सरांना भेटा, आणि सोबत मोठं माणूस आणा. बाबा समजतात मी अजून कॉलेजातच जातो, त्यांना कसं नेऊ? तुम्हाला काही बोलायचं नाही, नुसतं बाजूला उभं राहायचं. सरांनी पुन्हा तेच विचारलं तर माझ्या खांद्यावर हात ठेवा, ढकलायला नाही, धरायला. मी म्हणणार आहे, “नाही पाहिलं सर, म्हणूनच आलो.” पाठ केलंय. काचेचंही बोलेन.

हे शेवटचं उंबरठ्यावर उभं राहून लिहितोय, पत्र टाकायला निघालो आहे. आई आतून विचारेल, “संघपाल, गेला का रे?” कारण मी गेल्याचं तिला दाराच्या आवाजावरूनच कळतं. निघतो. दार लावून घेतो, हळूच.