बाबांचं नस्तालिक

३ मार्च, सोमवार

बाबांच्या उजव्या हातात आज पाण्याचा पेलाही राहिला नाही. डॉक्टर म्हणाले, झटक्यानंतर जे सुधारायचं ते एवढंच. बोलणं तर बंदच. कल्याणातल्या दुकानांच्या उर्दू पाट्या ज्या हाताने रंगवल्या, तो हात आता आई उचलून उशीवर ठेवते.

पाट्याही उरल्या नाहीत. फ्लेक्स आले आणि सगळ्या उतरल्या. फोटो काढून ठेवायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही. मी ठरवलंय — बाबांच्या अक्षराचा फॉन्ट करायचा. मराठी फॉन्ट करण्यावर माझं पोट चालतं, मग हा का नाही?

९ मार्च

माळ्यावरची ट्रंक काढली. तरुणपणी बाबा दूधनाक्यावरच्या उस्तादांकडे नस्तालिक, म्हणजे उर्दूचं ते वळणदार अक्षर, लिहायला शिकले, तेव्हाचे कागद. कडा वाळवीने खाल्लेल्या. पण प्रत्येक कागदावरची वरची ओळ — काय अक्षर आहे! खाली तीच ओळ पुन्हा पुन्हा, जरा कच्ची. हात बसवण्यासाठी लिहिली असणार. वरच्या ओळी तेवढ्या कापून घेतल्या. बाकीचं आईने कचऱ्याच्या गाडीत द्यायला लावलं. "अगं, त्या वाळवीने दाराची चौकट खाल्ली तर?"

२१ एप्रिल

जमत नाहीये. आपली अक्षरं शिरोरेघेला धरून राहतात. ही जिना उतरल्यासारखी उजवीकडून डावीकडे खाली येतात, आणि शेजारी कोण आहे ते बघून रूप बदलतात. मी सवयीने सगळी एका रेघेत बसवली. शब्द मेला.

धाकटा भाऊ सुदेश पाठीमागे उभा. "ताई, नेटवर असले फॉन्ट फुकट पडलेत. तुझा कोण वापरणारे?"

कोणी नाही. मला काय माहीत नाही?

२ मे

बाबांनी आज मला ओळखलं नाही. निदान मला तसं वाटलं.

१० जून

झाला एकदाचा. 'सखाराम' टाइप केलं आणि अक्षरं आपोआप एकमेकांत गुंतत खाली उतरली. बाबांचं नाव, बाबांच्या हातचं. फॉन्टलाही तेच नाव दिलं. आनंद मात्र होत नाही. ज्यांच्यासाठी केलं त्यांना कळणारच नाही.

१५ जून, रविवार

लॅपटॉप बाबांच्या पलंगावर ठेवला. बराच वेळ बघत राहिले. मग डावा हात उचलून कपाळाला लावला. डोळ्यांत पाणी. जीभ वळत नव्हती, तरी एक शब्द काढला.

"उस्ताद."

आई रडायलाच लागली. "बोलले गं!" मला वाटलं, जुनी आठवण आली असेल.

१६ जून

कित्ता. शाळेत बाई वरची ओळ घालून द्यायच्या, आम्ही ती खाली गिरवायचो.

खालच्या ओळी बाबांच्या होत्या.