वरणातली पुडी

आई, माणसाला न सांगता त्याचं भलं करता येतं का? वर्गात मी मुलांना प्रश्न विचारते आणि उत्तर येईपर्यंत थांबते. या प्रश्नापाशी मीच थांबले आहे. तुला विचारते, कारण तू हे करून पाहिलं होतंस.

बाबांना मी उन्हाळ्यात नागपूरला डॉक्टरांकडे नेलं. दारू सोडवायला चला म्हटलं असतं तर ते पांढुर्ण्याच्या स्टेशनवरूनच परत फिरले असते. हात थरथरतात ते दाखवू, म्हटलं. तेही खोटं नव्हतं. मंडीत लहान-मोठी संत्री निवडून वेगळी करणाऱ्याचे हात सकाळी थरथरायला लागले तर बहाराच्या दिवसांत त्याला कामावर कोण बसवेल? डॉक्टरांनी रक्त तपासलं, लिव्हरचं बघितलं आणि एक गोळी लिहून दिली. दारू एकदम बंद करायची नाही म्हणाले, इतक्या वर्षांनी एकदम सोडली तर झटके येऊ शकतात. ज्या दिवशी प्यायची असेल त्या दिवशी, तासभर आधी ही गोळी घ्यायची. मग दारू पोटात जाते पण तिची मजा येत नाही, आणि मजा येईनाशी झाली की ओढही हळूहळू कमी होते. बाबांनी गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "म्हंजे साहेब, औषध घेऊन दारू प्याची? आमच्या मंडीत सांगा हे, दवाखान्यात उद्या लाइन लागन." डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. घरातली पहिली पदवीधर, शाळेत मुलांना नशामुक्तीची शपथ देणारी बाई, आणि बापाला म्हणणार की प्यायच्या आधी मला सांगा.

मावशी सावरगावहून नदीचा पूल ओलांडून मुद्दाम आली. "एवढी शिकली अन् बापाले पाजून राहिली," म्हणाली. मी तिला समजावत राहिले आणि ती तांदूळ निवडत राहिली. पण पहिले काही आठवडे खरंच बरे गेले. बाबा संध्याकाळी गोळी घेत, ओट्यावर बसत, मग आपला ग्लास भरत. एकदा अर्धा ग्लास तसाच ठेवून उठले. "पानी प्यायल्यावानी लागते बे," म्हणाले, जणू दुकानदारानं फसवलं. त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले. मग श्रावण सरत आला तसं त्यांचं "घेतली न, बाई" सुरू झालं आणि पाकिटातल्या गोळ्या मात्र हलेनात. शाळेतून येताना मला घराचं दार लांबून दिसतं आणि तिथपासूनच मी घरातल्या आवाजाचा कानोसा घ्यायला लागते. भांडं पडलं तरी दचकते. गोळी घेतली का, हे मी किती वेळा विचारते, आणि विचारलं की त्यांचा चेहरा कसा बंद होतो, ते तुला दिसत असेल तर फार वाईट.

मावशीनंच मग मला तुझं सांगितलं. सौंसरच्या बाजारात कोणी एक बाई दारू सोडवायची पुडी विकायची. पिणाऱ्याला कळू द्यायचं नाही, कळलं की गुण जातो, असं तिनं तुला बजावलं होतं. तू ती बाबांच्या वाटीतल्या वरणात घालायचीस.

हे ऐकलं आणि मला एक दुपार आठवली. मी सहा-सात वर्षांची असेन. बाबा जेवायला बसले आहेत. मी त्यांच्या मांडीला टेकून बसले आहे, कारण त्यांच्या ताटातला पहिला घास माझा, ही आमच्याकडची रीतच. ते वरणभाताचा घास कालवतात, फुंकर घालतात, माझ्या तोंडाशी आणतात. आणि तू चुलीपासून झेपावतेस आणि त्यांच्या हातावर फटका मारतेस. भात माझ्या फ्रॉकवर सांडतो. "गरम हाय ते, दिसत नाई काय तुले?" असं तू मला रागावतेस, बाबांना नाही. भात गरम नव्हता, आई. मी पुष्कळ दिवस तुझ्यावर रुसून होते. नंतर बाबा दुपारचं मंडीतच भजी-पोहे खाऊ लागले. मी आठवीत असताना तू गेलीस, तोवर त्यांना घरचं जेवण आवडत नाही असंच मी धरून चालले होते.

काल पोळा झाला. आज गोटमार, नदीच्या दोन काठांवरून दोन गावांनी एकमेकांवर दगड मारायचा दिवस. सकाळपासून सगळं गाव नदीकडे चाललं होतं. आज दारूची दुकानं बंद असली तरी बाबांची सोय काल झालेली असते, आणि आज मित्रांमध्ये बसले की ते गोळीशिवाय किती पितील या विचारानं मला काही सुचत नव्हतं. मावशी दगड सुरू व्हायच्या आधीच मटण घेऊन आली. "गोळी रश्श्यात घाल. तिखटात समजत नाई. तुह्या आईनं वरणात घातली, तितंच चुकली." ती गेल्यावर मी गोळी काढली, वाटीच्या बुडानं कागदावर चुरली. डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यांना न सांगता देऊ नका. तरी चुरली. कागदाची घडी घातली आणि हातात पुडी तयार झाली. इतकी हलकी असते हे मला माहीत नव्हतं.

बाबा पाय धुऊन आत आले, पाटावर बसले आणि ताटाची वाट बघू लागले.

मी पुडी त्यांच्यासमोर ठेवली. म्हटलं, ही तुमची गोळी आहे, मी रश्श्यात घालणार होते. आणि मग तुझंही सांगितलं.

त्यांनी पुडी उचलून बाजूला ठेवली. "मले ठाऊक होतं," म्हणाले. "तुह्या हातावर नाई, माह्या हातावर मारलं तिनं, तवाच समजलं. तुले काई झालं असतं तर?" मग म्हणाले, "मंग घरी जेवाचीच भीती वाटे. तिले बोलून टाकाले पायजे होतं. नाई बोललो."

पाकीट त्यांनी मागून घेतलं. कापऱ्या हातानं गोळी काढायला वेळ लागला, मी मदत केली नाही. गिळली, जेवले. पहिला घास त्यांनी माझ्यापुढे धरला आणि मी खाल्ला. मग घड्याळाकडे बघत ओट्यावर बसून राहिले, तास झाल्यावर चप्पल घालून मित्रांकडे गेले. उद्या गोळी घेतील का, सांगता येत नाही. पाकीट आता त्यांच्या खिशात आहे आणि मी ते बघणार नाही असं त्यांना सांगून टाकलं आहे.

हे पत्र कुठे टाकणार मी? चुलीपाशी ठेवून देते. एवढंच सांगायचं होतं, आई, की तू शेवटपर्यंत पोटात ठेवलेली गोष्ट मी त्यांना सांगितली. तुला न विचारता.