माझ्या वेगाचे टायर

अहो,

"टायर बदलल्याचं आईला सांगू नकोस, उगाच घर डोक्यावर घेईल," असं तुम्ही गाडीखाली पडल्या पडल्या लेकीला कुरकुरत सांगत होतात, तेव्हा मी चहा घेऊन दारातच उभी होते. चहा गार झाला, घर मात्र जागेवरच आहे.

रविवारी मी ट्रॅकवर पहिल्यांदा गाडी चालवणार, म्हणून आपण दोघांनी बसून अरुंद, साध्या रबराचे टायर ठरवले होते. शर्यतीचं रबर तापल्याशिवाय रस्ता धरत नाही आणि माझ्या वेगाला ते तापायचं नाही, हे तुम्हीच मला समजावलंत. मग गाडीला हे रुंद, शर्यतीचे टायर कसे आले? हे तर तुमच्या वेगाचे.

स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा डावा टायर आतून घासतो, तेवढं बघून घ्या. रागावले असले तरी हे लपवणार नाही. जेवण झाकून ठेवलंय, मी ताईकडे जातेय. लेकीला बोलू नका, तिने चकार शब्द काढलेला नाही.

हेल्मेट घ्यायला गेलो तेव्हा तुम्ही स्वतः ते माझ्या डोक्यावर चढवलंत, पट्टा लावलात आणि "शोभतंय हो" म्हणालात. तेव्हाही ठरलेलंच होतं का?

लेक नजर चुकवते, तुम्ही हवापाण्याच्या गप्पा मारता आणि मीही मुकाट्याने ऐकते. तर आता मीच सांगते: रविवारी गाडी तुम्ही चालवणार आहात, आणि मला नुसतं टाळ्या वाजवायला नेणार होतात.