माझ्या सहीबिगर

५ जानेवारी २०२५, रविवार

बियाण्याच्या कंपनीनं डायरी दिली. फुकट हाय, वाया कशाला घालवायची. रोज चार ओळी लिहायच्या. फालतू काही लिहायचं न्हाई.

काल लिफाफा आला. राजस्थानहून, दीक्षा देणाऱ्या संस्थेचा. वर माझं नाव, श्री लालचंदजी, नवा जालना. उघडला न्हाई. आत काय हाय ते ठाऊक हाय. आज्ञापत्र. घरच्यांच्या लेखी सहीबिगर आपल्या जैनांत कोणाला दीक्षा देत न्हाईत. अन् घरचे म्हणजे मी.

नात नेहल, चोवीस वर्षांची. दोन वर्षं झाली, समणी हाय. समणी म्हणजे पांढरे कपडे, संसार बंद, पण विमानात बसता येतं. म्हणून परदेशात धर्म शिकवायला ह्यांनाच पाठवतात. हिला बेल्जमला पाठवली. तिथं आपले हिऱ्याचे व्यापारी हायेत, त्यांच्या पोरांना शिकवती. आता म्हणती पूर्ण साध्वी व्हायचं. मंग विमान बंद, गाडी बंद, फोन बंद. जिंदगीभर पायी. भेटायचं म्हणजे आपण रांगेत उभं राहून दर्शन घ्यायचं.

समणी झाली तव्हा मी आजारी होतो, म्हणून पारसची सही चालवून घेतली. पारस माझा लेक, तिचा बाप. मऊ माणूस. या बारीला तसं न्हाई. आधी पोरीनं जालन्याला यावं, माझ्यासमोर बसावं, तोंडानं सांगावं. मंग पाहू.

लिफाफा दुकानाच्या ड्रॉवरमधी टाकला. कुलूप लावलं. घरात बायको, संतोषबाई म्हणाली, उघडून तर पहा. म्हणलं, चाळीस वर्षं व्यापार केला, कागदाचा वास येतो मला.

पारस काहीतरी सांगायला आल्ता. म्हणलं, विषय बंद.

१२ जानेवारी, रविवार

चार ओळी रोज जमल्या न्हाईत. गिऱ्हाईक होतं.

सून साधना म्हणाली, समणीजींना घरच्यांशी फोनवर बोलत बसता येत न्हाई. स्वतःच्या पोरीला समणीजी म्हणती. पण दर रविवारी लिंकवर पोरांचा वर्ग असतो. त्यांचे सकाळचे दहा, आपले दुपारचे अडीच. कोणीबी बसू शकतं.

बसतो म्हणलं. शिकायला न्हाई. पोरगी किती वाळली ते पाह्यला. परदेशात एकटी, थंडी, परकी माणसं. दोन-तीन रविवारात मोडंल. मोडली की सांगायचं, ये घरी.

१९ जानेवारी, रविवार

गेलो वर्गात. साधनानं मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवून दिला. चौदा पोरं अन् मी.

नेहलच्या डोक्यावर पांढरा पदर, वर लोकरीची शाल. मागं खिडकीत बर्फ. तोंड अर्धं राह्यलंय. साधना म्हणाली, कॅमेऱ्यात तसंच दिसतं. आईला काय कळतं.

रीत अशी हाय की समोर आली की आपणच हात जोडून वंदना करायची. वय पाह्यचं न्हाई. जिला मी मंडीच्या मैदानात सायकल शिकवली तिला. तेवढ्यात मी मोबाइल खाली पाडला.

मला पाहून तिनं शाल सावरली. मंग म्हणाली, लालचंदजी, आपलं स्वागत हाय, माइक बंद ठेवा. मी म्हणलं, आधी जेवली का ते सांग. पोरं हसली. म्हणाली, हा प्रश्न आजच्या पाठात न्हाई.

पाठ पहिला. सूर्य मावळल्यावर आठवडाभर काही खायचं न्हाई. पुढच्या रविवारी सांगायचं, काय कठीण गेलं ते. हे काय शिकवणं झालं. असो, करून दाखवतो. फुकटचं काम हाय.

२६ जानेवारी, रविवार

जमलं. चहा सोडून. चहा म्हणजे खाणं न्हाई. चहासोबतची खारी चहातच मोडती. मंगळवारी लग्नात जेवलो, पण ते लोकांच्या आग्रहामुळं.

वर्गात ख्याती नावाची पोरगी हाय, सात वर्षांची. म्हणाली, बुधवारी मला भूक लागली, मी रडले, मंग झोपले. तिला पाठ दुसरा दिला. मला विचारलं. म्हणलं, मला काहीच कठीण गेलं न्हाई. नेहल म्हणाली, मंग आणखी एक आठवडा करा.

चांगल्या गड्याला मास्तर मुद्दाम ठेवून घेतात. आम्हालाबी सातवीत दोनदा ठेवल्तं.

९ फेब्रुवारी, रविवार

पोरं तिसऱ्या पाठावर. मी पहिल्या.

आज तिनं पोरांना गोष्ट सांगितली. दोघी समणी, ती अन् तिच्या सोबतची, ट्रॅममधून कोणाच्या घरी आहार घ्यायला चालल्या होत्या. घरोघर थोडं थोडं घेतात, स्वतः चूल पेटवत न्हाईत. ट्रॅममधी एका गोऱ्या म्हातारीनं पांढरे कपडे पाहून हिला नर्स समजलं, अन् गुडघा उघडा करून दाखवला. हिला भाषा येत न्हाई पुरी. पिशवी उचलली, म्हातारीच्या दारापर्यंत पोचवली. तोवर सूर्य मावळला. तिकडं साडेपाचलाच मावळतो. त्या दिवशी आहार न्हाई. पाण्याबिगर झोपल्या. हे ती हसून सांगत होती.

मी माइक चालू करून म्हणलं, त्यासाठी बेल्जमला जायची काय गरज, जालन्यात गुडघे कमी हायेत का. कोणीतरी तिकडून माझा माइक बंद केला.

पाण्याबिगर झोपली. हे संतोषबाईला सांगितलं न्हाई.

१४ फेब्रुवारी

दुकानात रखमाजी आल्ता, शहागडचा. तीस वर्षांचं गिऱ्हाईक. विचारलं, शेठ, नात काय म्हणती परदेशात. म्हणलं, येऊन राह्यली परत. माझी सही अडकवून ठेवलीय, तिच्याबिगर गाडी पुढं जात न्हाई. रखमाजी म्हणला, शेठ, मागच्या साली कपाशीचं बियाणं देताना तुम्ही असंच छातीला हात लावून सांगितल्तं, उगवंल म्हणून.

याला या साली उधार द्यायचं न्हाई.

२ मार्च, रविवार

आज काम झालं.

पोरं राग सोडायच्या पाठावर. मी पहिल्यावरच हाय पण ते सोडा. शेवटी कोणाला काही विचारायचंय का म्हणाली. मी सरळ विचारलं, घरची आठवण येती का. तिनं खाली पाह्यलं. मंग पडदा काळा झाला. दोन मिनिटं पुरी. परत आली तव्हा आवाज जड होता. म्हणाली, आज इथंच थांबू.

साधना म्हणाली, तिकडलं नेट गेल्तं, ख्यातीच्या आईनं मेसेज केला. म्हणलं, मला शिकवू नको. आवाज जड होता का न्हाई. म्हणाली, सर्दी हाय त्यांना जानेवारीपासून.

सर्दी अशी अडीच वाजता बराबर येत न्हाई.

१० मार्च

माडीवरची खोली रंगवून घेतली. नेहलला आवडायचा तसा आकाशी. रंगाऱ्यानं घाई केली, डाग राह्यले. पंखा नवा. कपाटात चार चांगले ड्रेस आणून ठेवा म्हणलं साधनाला, ती उठून आत गेली. संतोषबाई म्हणाली, कोणासाठी करून राह्यले हे सगळं. म्हणलं, अक्षय तृतीयेच्या आत कळंल. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलती. घरात शांती हाय, बरं हाय.

पारस परत आल्ता, बाऊजी, एक बोलायचं होतं. म्हणलं, दीक्षेचं का. म्हणला, हो. विषय बंद.

१६ मार्च, रविवार

नियम तोडला असं म्हणता येणार न्हाई. रात्री दहाला दूध घेतलं, पोटाच्या औषधासोबत. औषधाला चालतं. औषध घ्यायचंच होतं असं न्हाई, पण घेतलं.

वर्गात सांगितलं, काहीच कठीण न्हाई. ख्याती म्हणाली, लालचंदअंकल खोटं बोलतात का. नेहल तिला म्हणाली, दुसऱ्याचं पाह्यचं न्हाई, आपलं पाह्यचं. अन् माझ्याकडं नुसतं पाह्यलं. लहानपणी चॉकलेट लपवलं की मी तिच्याकडं पाह्यचो, तसं.

३० मार्च, रविवार

अडीचला बसलो तर वर्ग संपलेला. एकला कोरा चौकोन. साधना म्हणाली, तिकडं आजपासून घड्याळ एक तास पुढं केलं, वर्ग आपल्या दीडलाच झाला. मागच्या रविवारी समणीजींनी सांगितल्तं.

अख्ख्या देशानं एका रात्रीत घड्याळ फिरवायचं. अशा ठिकाणी माणूस टिकंल कसा. म्हणून म्हणतो, येणार ती.

६ एप्रिल, रविवार

दीडला बराबर बसलो. शेवटी नेहल म्हणाली, पुढच्या रविवारी सगळ्यांनी जरूर या. म्हणताना माझ्याच चौकोनाकडं पाहून राह्यली होती.

याचा अर्थ साफ हाय. सहीची घाई झाली. तीन महिने मी दाद दिली न्हाई, आता विनंती करतील. व्यापारात समोरचा असा घाईला आला की आपण उठून जायचं. पुढच्या रविवारी वर्गात जायचं न्हाई. तिला कळू दे, म्हातारा नसला की कसं वाटतं. मंग आपोआप विमानात बसंल.

१३ एप्रिल, रविवार

गेलो न्हाई. दुकानाला सुट्टी, तरी जाऊन बसलो. शटर अर्धं ओढलं. ऊन काय पडलंय. दीड वाजला. पावणेदोन. मोबाइल मुद्दाम घरी ठेवल्ता. सव्वादोनला उठलो.

घरी आलो तर साधनाचे डोळे लाल. मिरच्या कुटल्या असतील. मी सरळ पानावर जाऊन बसलो. संतोषबाई सामायिक करत, म्हणजे ध्यानाला, बसली होती, डोळे मिटून. अठ्ठेचाळीस मिनिटांचं सामायिक दोन तास चाललं.

डाव बराबर पडला.

१८ एप्रिल, शुक्रवार

दुपारी पारस दुकानात आला. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला. आजवर कधी बसला न्हाई. म्हणला, बाऊजी, आज विषय बंद म्हणू नका. नेहल परवा दिल्लीत उतरली. तिथून थेट राजस्थानात, गुरूंपाशी. आठ मेला दीक्षा.

म्हणलं, माझ्या सहीबिगर?

म्हणला, सही आम्ही दिवाळीतच केली. मी अन् साधनानं. आई-बापाचीच लागती. आजोबाची लागत न्हाई, बाऊजी.

म्हणलं, सांगितलं का न्हाई. म्हणला, चारदा आल्तो सांगायला. त्या रविवारी तिचा शेवटचा वर्ग होता. पोरांना एकेकाला नावानं हाक मारून काहीतरी सांगितलं तिनं. तुमचंबी नाव घेतलं, दोनदा. साधना म्हणाली, ते दुकानात गेलेत. मंग पुढचं नाव घेतलं.

मंग हा लिफाफा कशाचा, म्हणून कुलूप काढलं. उघडला. दीक्षेला घरची किती माणसं येणार, त्याचा फॉर्म. राहायची सोय, जेवायची सोय. पहिली ओळ टाइप करूनच आल्ती. लालचंदजी, वय ७४, पायऱ्या जमत न्हाईत, तळमजला द्यावा. पुढं माझ्या सहीची जागा. परत पाठवायची शेवटची तारीख ३१ मार्च.

हे त्यांना तिकडं कोणी सांगितलं, पायऱ्यांचं, ते पारसला विचारलं न्हाई.

पारसनं तिथंच फोन लावला. तळमजला भरला. तिसऱ्या माळ्यावर एक पलंग हाय म्हणले. पारस म्हणला, मी खुर्चीवर बसवून वर नेतो तुम्हाला. म्हणलं, काही गरज न्हाई. खरिपाचं बुकिंग तोंडावर आलंय, दुकान कोण पाहंल. तुम्ही जा.

२२ एप्रिल

संतोषबाईनं बॅग भरली. मला एकदा विचारलं, चलता का. म्हणलं, सीझन हाय. रखमाजी आल्ता, दोन पिशव्या उधार दिल्या. त्यानं नातीचं विचारलं न्हाई.

रात्री जेवलो न्हाई. नियम म्हणून न्हाई. जेवण गेलं न्हाई.

२७ एप्रिल, रविवार

दीड वाजता मोबाइल घेऊन बसलो. काही कारण न्हाई, सवय झाली. स्वतः लावला, बरणीला टेकवून. साधना तिकिटं आणायला गेल्ती.

नेहलच्या जागी दुसऱ्या समणीजी. नव्या, कोवळ्या. पोरींचं वय काय अन् पाठवतात कुठं. हिंदी मराठी मिसळून बोलत होत्या, बहुतेक नगरकडच्या. मी हात जोडले. वंदना केली. पुरी केली.

त्या म्हणाल्या, आजोबा, हा लहान मुलांचा वर्ग हाय. यात तुम्ही कोणाचे आजोबा?

चौदा चौकोन पाह्यले. ख्याती हात हलवत होती.

म्हणलं, कोणाचाच न्हाई.

म्हणाल्या, मंग मोबाइल जरा खाली धरा, नुसतं कपाळ दिसून राह्यलंय.