चोळीबांगडीचं वावर

माय, तुझा उजवा हात आठवतो, मनगटाशी वाकडा जुळलेला. ज्याच्या कपाशीत तू वेचणीला जायचीस, त्याला तू नाही म्हणालीस, म्हणून त्याने तुला गोठ्यात कोंडून बैल हाकायच्या पराणीने मारलं. मी तेव्हा नऊ वर्षांची. बाप आधीच गेलेला. आपल्याकडे पंचांची रीत अशी की ज्याने मारलं, त्याच्याच वावरातून बाईला चोळीबांगडीसाठी एक पट्टी तोडून द्यायची, आणि मग त्या गोष्टीचा उच्चार कुणी करायचा नाही. मारणाऱ्याचाच शेजार आपण बाईच्या पदरात टाकतोय, हे त्या शहाण्यांना सुचलं नाही. अजून राग येतो मला.

चावडीच्या पायरीशी तू उभी आहेस, हात फडक्यात बांधलेला. "मले वावर नको," तू म्हणतेस. "त्यानं इथं सगळ्याइसमोर सांगावं, का हो, हिले म्या मारलं." तो मिशीला हात लावून खाली बघतो. पंच म्हणतात, "बाई, पोटाची सोय होऊन राह्यली. आनखी काय पायजे तुले?" मी तुझा पदर ओढते. "घे ना वं, माय." तू माझ्याकडे पाहिलंस, आणि घेतलंस.

मग तो रोज त्याच्या आणि आपल्या वावरामधल्या धुऱ्यावरच्या बाभळीखाली येऊन बसू लागला, पराणी मांडीवर आडवी. बोलायचा नाही. धुऱ्यालगतचे नांगराचे तीन तास तू कधी पेरले नाहीस. तिथे गवत माणसाएवढं वाढलं. मी एकदा तिकडे गेले तर तू डाव्या हाताने मुस्काटात मारलीस. माझ्या बाराव्या वर्षी त्याने पहिल्यांदा तोंड उघडलं: "पोरगी मोठी होऊन राह्यली तुही." तू विळा कमरेला खोचलास आणि तशीच मला वाशीमला मामाकडे घेऊन निघालीस.

तू मात्र परत गेलीस. सुट्टीत येताना मी लांबूनच बघायची, त्या पट्टीत तुझं लुगडं दिसतं का. सात वर्षं दिसलं. मग मामाला निरोप आला की तू तापाने गेलीस. मी आले तेव्हा धुऱ्याकडचं गवत आडवं झालेलं होतं. रीतीप्रमाणे मीही कुणाला काही विचारलं नाही.

आता मी मुलींच्या शाळेत शिकवते. हा कागद मी तुझ्या लुगड्याच्या घडीत ठेवीन. सगळे समजतात, पोटाच्या भीतीने मी तुला 'घे' म्हणाले. तसं नव्हतं, माय. मला आपल्या स्वतःच्या वावरातला हुरडा खायचा होता.